भेस्तानच्या रांगेत तीन गाड्या

वैशालीचा फोन आला तेव्हा मी सुरतला पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेला एक टेम्पो आडवा लागला होता, चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते आणि त्या गोंगाटात तिचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "जरा मोठ्याने बोल," मी वैतागून म्हणाले. तेव्हा ती ओरडली, "मीनाताई, पप्पा गया... सवारे ज गया." वैशाली म्हणजे भेस्तानच्या भास्करआप्पांची मुलगी; ती घरी अहिराणीत बोलते, माझ्याशी मराठीत बोलते, पण रडताना तिच्या तोंडून शाळेतली गुजरातीच बाहेर पडते. मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं. टेम्पो हलला, रिक्षा आली आणि रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारल्यावर मी सवयीने ऑफिसचा पत्ता सांगितला. अर्ध्या वाटेत भानावर आले आणि त्याला म्हटलं, "भय्या, भेस्तान चलो."

त्याला आता काही आठवडे झाले. भास्करआप्पांवर चार ओळी लिहाव्यात असं तेव्हापासून मनात होतं, पण लिहायला बसलं की राग यायचा आणि कागद बाजूला पडायचा. राग कुणावर, ते पुढे येईलच.

आमचं ऑफिस केंद्र सरकारचं. कामगारांचं कल्याण हे त्याचं काम, असं निदान दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. मी तिथे कनिष्ठ अनुवादक. दिल्लीहून येणारा आणि दिल्लीला जाणारा प्रत्येक महत्त्वाचा कागद इंग्रजीबरोबर हिंदीतही हवा असतो, तो मी करते. आप्पा प्रशासन अधिकारी. नोकरीला लागले तेव्हा मला त्यांची भीतीच वाटायची. जुनी रिफिल दाखवल्याशिवाय नवी द्यायचे नाहीत. पाठकोरा कागद फेकलेला दिसला की फेकणाऱ्याचं नाव घेऊन सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलायचे. आवाज तर असा, की ते फोनवर बोलत असले तरी आम्हाला ते भांडतायत असं वाटायचं. पुढे कळलं, त्यांचे वडील धुळ्याकडच्या गावातून येऊन आयुष्यभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राहिले आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. बापाशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच, ही सवय आप्पांना लहानपणापासून लागली, ती सुटली नाही. माझं माहेरही धुळ्याकडचंच हे कळल्यावर ते माझ्याशी जरा मऊ झाले. म्हणजे रिफिल तेव्हाही जुनी दाखवावीच लागे, पण मला "अनुवादकबाई" म्हणून हाक मारायला लागले. हे नाव दुसऱ्या कुणी कधी घेतलं नाही. हाकेतली थट्टा मला कळत होती आणि आवडतही होती.

ऑफिसकडे तीन गाड्या होत्या. एक पांढरी, दाराला पोचा आलेली मोठी गाडी म्हणजे आमचा फिरता दवाखाना. दर गुरुवारी ती भेस्तानला पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची, एरवी कोसाडला आणि इतर वस्त्यांत. लूमची पाळी सुटायची वेळ धरून ती जायची, कारण पाळी बुडवून डॉक्टरकडे जाणारा कामगार अजून जन्माला यायचा आहे. माणसं केसात, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन तशीच रांगेत येऊन उभी राहायची. दुसऱ्या दोन गाड्या साहेबांच्या. एक साहेबांना आणायला-न्यायला आणि दुसरी साहेबांच्या घरी कायम उभी, ती कशाला हे विचारायची पद्धत नव्हती. या दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर पांढराशुभ्र टॉवेल अंथरलेला असे. सरकारी साहेब आणि पांढरा टॉवेल यांचं काय नातं आहे हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता यातली गोम अशी, की तिन्ही गाड्यांचा खर्च एकाच लेखाशीर्षाखाली पडायचा. 'कार्यालयीन खर्च'. दवाखान्याच्या गाडीचं डिझेल, तिचा ड्रायव्हर, तिचा कंपाउंडर, सगळा प्रशासकीय खर्च. कधीकाळी कुणी तरी तसा टाकला आणि तसाच राहिला. दवाखान्याची गाडी योजनेच्या खर्चात घ्या, असं आप्पा दरवर्षी दिल्लीला लिहायचे आणि दरवर्षी दिल्ली गप्प बसायची. "ह्या गाडीला कधी तरी कोणी तरी फुकटखाऊ म्हणून कापेल बघ," ते मला म्हणाले होते. मला तेव्हा ते उगाच काळजी करतायत असं वाटलं.

आणि मग संसदेची समिती येणार असल्याचं पत्र आलं. कामगारांसाठी म्हणून जो पैसा मिळतो त्यातला किती कामगारांपर्यंत पोचतो आणि किती ऑफिसं स्वतःवरच खर्च करतात, हे या समितीला तपासायचं होतं. आमच्या खात्याचा प्रशासकीय खर्च हा तिचा विषय. आधी लांबलचक प्रश्नावली आली, मागोमाग सुरतच्या दौऱ्याची सूचना. ऑफिसात पाचावर धारण बसली. एकटे आप्पा तेवढे खूष. "कोणी तरी विचारायला येतंय," ते दोन-दोनदा म्हणाले. मला वाटतं, इतकी वर्षं रिफिली मोजणाऱ्या माणसाला आपल्यासारखंच दुसरं कुणी जगात आहे याचा आनंद झाला होता.

तो आनंद टिकला नाही. वाहनांच्या प्रश्नाचं उत्तर आप्पांनी सरळ लिहून दिलं होतं: एक दवाखान्याची, दोन अधिकाऱ्यांच्या वापरासाठी. साहेबांनी ते खोडलं आणि स्वतःच्या हाताने दुसरं लिहिलं. कार्यालयाकडे तीन वाहने असून तिन्ही फिरत्या दवाखान्याच्या सेवेत आहेत. मी तेव्हा केबिनमध्ये दुसऱ्या एका उत्तरासाठी उभी होते. आप्पांचा चेहरा लाल झाला, आता हे ओरडणार म्हणून मी दाराकडे बघितलं. ते ओरडले नाहीत. साहेब अगदी समजुतीने म्हणाले, "पाटीलजी, आप ही तो चाहते हैं न कि दवाखाना बचे? तीनों को दवाखाना बोल दीजिए, तीनों बच जाएँगी." आप्पा कागद घेऊन बाहेर आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "जसं लिहिलंय तसंच्या तसं हिंदीत कर. एक शब्द इकडचा तिकडे नको." आप्पांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

साहेबांच्या बोलण्यात तथ्य होतं, हेच तर वाईट होतं. आप्पा समितीसमोर उभे राहून "हे खोटं आहे" म्हणाले असते, तर चिडलेली समिती गाड्यांचा सगळाच खर्च कापायला सांगेल ही भीती होती आणि त्यात दवाखाना जाणार. मूग गिळून गप्प बसले, तर दवाखाना राहील, पण त्याच्या नावावर साहेबांच्या दोन्ही गाड्या कायमच्या पोसल्या जाणार. समिती येईपर्यंत आप्पा जेवणाच्या सुट्टीतही जागेवरून उठत नव्हते. डबा उघडायचे, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसाच हातात धरून बसायचे. एकदा मीच न राहवून विचारलं, "आप्पा, तुम्ही काय करणार?" ते म्हणाले, "साहेब बोलले तेच करणार." मला त्यांचा भयंकर राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

समिती आली. शहरातल्या एका हॉटेलात मोठं लंबगोल टेबल मांडलं होतं, पाण्याच्या बाटल्या, फुलं, प्रत्येकासमोर माझं हिंदी आणि दिल्लीचं इंग्रजी. अध्यक्ष एक बाई होत्या, दक्षिणेकडच्या कुठल्याशा राज्यातल्या खासदार, बारीक चणीच्या, चष्मा नाकावर ओढून वाचणाऱ्या. हिंदी मोडकं होतं, पण प्रश्न अगदी सरळ. त्या आमच्या साहेबांना बोलू देत होत्या आणि ते बोलत असताना कागदावर बोट ठेवून होत्या. दुपारनंतर साहेबांनी साडीमार्केटची भेट ठेवली होती. आप्पांनी मात्र दिल्लीला पाठवलेल्या कार्यक्रमात त्याच वेळी 'स्थळभेट, फिरता दवाखाना, भेस्तान' असंही टाकलं होतं. दोन्हीतलं एक निवडायचं होतं. साहेबांना खात्री होती की पाहुण्या बाई म्हणजे साडी. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "साड़ी नहीं. दवाखाना." साहेबांनी आप्पांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता इथेच काही तरी होणार.

समितीच्या बसने आम्ही भेस्तानला पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. पाण्याच्या टाकीजवळ तीन गाड्या उभ्या होत्या. एका रांगेत. पहिली आमची पोचा आलेली पांढरी, तिच्यामागे साहेबांची आणि त्यामागे साहेबांच्या घरची. प्रशासन अधिकारी म्हणून गाड्यांचा ताबा आप्पांकडे होता. तिन्ही ड्रायव्हरांना त्यांनी सकाळीच रीतसर आदेश दिला होता, की समितीला कळवलेल्या उत्तराप्रमाणे तिन्ही वाहनांनी दवाखान्याच्या सेवेसाठी भेस्तानला हजर राहावं. म्हणजे साहेब बोलले तेच त्यांनी केलं होतं. मला हे तिथेच कळलं. साहेबांच्या कपाळावर घाम होता. ते हसऱ्या चेहऱ्याने समितीला पहिल्या गाडीकडे वळवू बघत होते, पण तीन गाड्या काही लपवता येत नाहीत.

आणि लोक रांगेत फक्त एकाच गाडीपुढे उभे होते. दुसऱ्या दोन गाड्यांपासून तर ते थोडे दूरच सरकून उभे होते, काचेला धक्का लागू नये म्हणून. अध्यक्षबाई ते बघत होत्या. रांगेच्या शेवटी केशरमावशी होती. ती घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. तिला साखरेचा आजार होता, पायाला जखम होती, आणि गोळ्या नि मलमपट्टी या गाडीतूनच व्हायची. आप्पा तिच्याजवळ गेले. रोजचा आवाज लावून म्हणाले, "माय, आज गर्दी शे. तू ह्या गाडीमा बठ." मावशी घाबरली. "हाई ते सायेबनी गाडी शे ना?" आप्पा म्हणाले, "हाई बी दवाखानानीच गाडी शे. सायेबनी लिखी देयेल शे." आणि त्यांनी स्वतः दार उघडून, मावशीचा हात धरून तिला आत बसवलं. पांढऱ्या टॉवेलवर. ड्रायव्हरने गाडी थंड करून ठेवली होती, साहेबांसाठी.

अध्यक्षबाई चालत तिथे गेल्या. त्यांनी वाकून मावशीला विचारलं, "आपको क्या तकलीफ़ है?" मावशीने एकदा त्यांच्याकडे, एकदा साहेबांकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर शे. पायले जखम शे. पन ह्या गाडीमा ते डॉक्टरच नही शे. नुसतं गारेगार शे." बाईंना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण दुभाषी म्हणून मीच बरोबर होते. साहेब माझ्या खांद्याशी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एरवी मी फार सावकाश भाषांतर करते, शब्द निवडत. त्या दिवशी एका दमात म्हणाले, "ये कह रही हैं, इस गाड़ी में डॉक्टर ही नहीं है, सिर्फ़ ठंडक है." बाई सरळ झाल्या, तिसऱ्या गाडीच्या काचेतून आत डोकावल्या, तिथलाही टॉवेल बघितला आणि मागे वळून पहिल्या गाडीपुढची ती लांब रांग पुन्हा एकदा बघितली. काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यात आमचे साहेब उभ्या उभ्या वाळले.

समिती गेल्यावर साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "वो तौलिया फेंको." ड्रायव्हरने तो गटाराकडे टाकायला हात उचलला, तर आप्पांनी पुढे होऊन काढून घेतला. "सरकारी मालमत्ता आहे," ते म्हणाले. खरंच सांगते, त्या माणसाने तो टॉवेल घरी नेऊन धुवून आणला, वापरण्यास अयोग्य म्हणून नियमाप्रमाणे निर्लेखित केला, म्हणजे सरकारी यादीतून काढला, आणि मगच मावशीला नेऊन दिला. आपल्या नोकरीचं काय होणार हे ठाऊक नसताना सुद्धा त्यांचं नियमावर बोट होतं. आम्ही यावरून त्यांना फार चिडवायचो.

व्हायचं ते झालं. आप्पांचा कार्यभार काढून घेतला आणि त्यांना राजभाषा कक्षात बसवलं. राजभाषा कक्ष म्हणजे माझी खोली. माझ्या टेबलासमोर एक जुनं टेबल आलं आणि सगळ्या ऑफिसला धाकात ठेवणारा माणूस हिंदी पखवाड्याच्या निबंध स्पर्धेची बक्षिसं बांधायला लागला. बांधायचे मात्र नीट, कागद न वाया घालवता. त्या दिवसांत आमची खरी मैत्री झाली. शेव-मुरमुरे पुढ्यात घेऊन ते अहवालाची वाट बघायचे. "बाईने बघितलंय," म्हणायचे. "बघितलेलं माणूस विसरत नाही."

अहवाल आला. समितीने दोन गोष्टी लिहिल्या होत्या. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचा प्रशासकीय खर्च बंद करावा आणि दवाखाना वाढवावा. आप्पांनी ते पान मला मोठ्याने वाचायला लावलं, एकदा हिंदीत, एकदा मराठीत करून. त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले, स्वतःच्या पैशाने, हे विशेष. पण समितीने शिफारस केल्यावर सरकारने त्यावर काय केलं हे समितीला कळवायचं असतं. काही महिन्यांनी खात्याचं ते उत्तर हिंदी करायला माझ्याकडे आलं. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. समितीच्या शिफारशीनुसार या कार्यालयाच्या तिन्ही वाहनांची सेवा बंद करण्यात आली असून प्रशासकीय खर्चात बचत झाली आहे... मला समोर बघायचं धाडस होईना. आप्पांनीच विचारलं, "काय झालं?" मी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो वाचला. मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि मी मनापासून वाट बघत होते की त्यांनी ओरडावं. ते म्हणाले, "तिन्हींना एका रांगेत मीच उभं केलं गं." मी म्हटलं, आप्पा, लेखाशीर्ष एकच होतं, दिल्लीने डोळे मिटून कापलं, यात तुमचा काय दोष. त्यांनी मान हलवली. दिल्लीला त्यांनी टिपण पाठवलं, साहेबांशी भांडले, पुन्हा टिपण पाठवलं. पोचा आलेली गाडी ऑफिसच्या मागे ताडपत्रीखाली उभी राहिली. मला राग आहे तो याचा. अर्धं वाक्य वाचून अर्ध्याची बचत दाखवणाऱ्या त्या थंड माणसांचा, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही आणि ज्यांची वाक्यं मी अजून रोज हिंदी करते.

गाडी बंद झाली तशी मावशीची मलमपट्टी बंद झाली. मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे सगळा दिवस जाणार, मुलाची पाळी बुडणार, म्हणून ती गेली नाही. कुणाला बोललीही नाही. आप्पा निवृत्त झाले आणि पुढच्याच गुरुवारी, पाळी सुटायच्या वेळी, आपली स्कूटर घेऊन टाकीजवळ जाऊन उभे राहिले. दवाखाना नव्हता, पण कुणाला कुठे न्यायचं असेल तर नेतो, असं म्हणून. लोकांना आधी हसू आलं, मग सवय झाली. कुणाला रिक्षात घालून न्यायचे, कुणाचा नंबर लावून द्यायचे, तिथल्या डॉक्टरांवर ओरडायचे. मावशीलाही घेऊन गेले, पण तोवर जखम वर चढली होती. तिचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्यानंतर आप्पा दर गुरुवारी तिच्या दाराशी असलेल्या कट्ट्यावर बसायला लागले. मला आप्पांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं, की ते तिथे चहा घेतात, बसतात आणि उठून येतात.

शेवटचं भेटले तेव्हा त्यांची छाती पार भरली होती. दोन वाक्यांमध्ये दम लागायचा आणि तो मोठा आवाज पार गेला होता. काकू उशीला टेकवून त्यांना बसवत होत्या. मी बातमी घेऊन गेले होते. समितीने खात्याचं उत्तर नाकारलं होतं. आम्ही दवाखाना बंद करा असं म्हटलं नव्हतं, आम्ही ती रांग स्वतः पाहिली आहे, असं स्पष्ट लिहून त्यांनी गाडी पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं, आणि या खेपेला दिल्लीने निमूट आदेश काढला होता. मी घाईघाईने हे सगळं सांगितलं. आप्पांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोणत्या शीर्षाखाली?" मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी म्हटलं, "योजना खर्चात, आप्पा." "मग टिकेल," ते म्हणाले. नंतर त्यांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर लूम चालू होते. मग म्हणाले, "मी बरोबर केलं का गं? त्या दिवशी... तो पाय..." मी खोटं बोलू शकले असते. पण आप्पांशी खोटं बोलायचं कसं? मी म्हटलं, "मला माहीत नाही, आप्पा. मावशीला विचारलंत का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "हिंमत होत नाही," एवढंच म्हणाले.

ते गेले आणि गाडी नंतर सुरू झाली. पहिल्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघून भेस्तानला गेले. कशाला, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. केशरमावशी दाराशी कट्ट्यावर बसली होती, कुबडी भिंतीला टेकवून. खाली तो टॉवेल अंथरलेला होता, धुवून धुवून पातळ झालेला, पण पांढरा. मी ओळख दिली आणि आप्पांचं नाव काढलं. मग जे आप्पांनी विचारलं नाही ते मीच विचारलं. मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. "दर गुरुवारले येये," ती कट्ट्यावर हात ठेवून म्हणाली. "आठेच बठे. मना पायकडे देखे आन पायनं काहीच बोले नही."

"तुम्हाला राग होता का त्यांचा?"

"राग नही येवाव का? मना पाय कापाई गया." ती थांबली. लुगड्याचा पदर तिने मांडीवर सारखा केला. "पन तो येये ना, माय. दुसरं कोन ऊनं?"

खरंच, दुसरं कुणी आलं नव्हतं. रस्त्याच्या वळणावर पोचा आलेली ती पांढरी गाडी दिसली आणि वस्तीतून लोक टाकीकडे निघाले. मावशी कट्ट्यावर बसल्या बसल्या सरकली. ती टॉवेलच्या एका कडेलाच बसली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दुसरी बाजू रिकामी होती, सुरकुती नसलेली, कुणी तरी दर गुरुवारी बसायचं म्हणून राखून ठेवलेली. त्या बाजूवर तिने हात फिरवला आणि मला म्हणाली, "उभी काबर शे? बठ, अनुवादकबाई."

मी तिला माझं नाव फक्त मीना सांगितलं होतं. मी बसले. टाकीजवळ गाडीचं दार उघडलं आणि रांग पुढे सरकायला लागली.